अंबुअक्कांचं मागचं दार

पहिल्या भेटीत अंबुअक्कांनी मला परत पाठवलं होतं. मी त्यांना काहीच विचारलं नाही, एवढंच कारण.

सई तेव्हा दीड वर्षाची होती आणि माझी रजा संपत आली होती. तंजावरात मी नवीन. धान्याची गोदामं तपासणाऱ्या एका कंपनीत नोकरी. नवरा चेन्नईला, शनिवारी यायचा, रविवारी जायचा. ऑफिसातल्या एकीनं सांगितलं की रेल्वे फाटकापलीकडच्या वसाहतीत एक निवृत्त टीचर घरी मुलं सांभाळतात आणि त्या मराठी बोलतात. मराठी म्हटल्यावर मी पत्ता घेतला, सईला कडेवर घेतलं आणि गेले.

घराच्या फाटकाच्या आत एक उंच, काटकुळ्या बाई उभ्या होत्या. सुती साडी घोट्याच्या वर नेसलेली, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, कपाळावर कुंकवाच्या खाली विभूतीची बारीक रेघ. त्यांनी फाटक उघडलं नाही. मी उभ्या उभ्याच नाव, गाव, नोकरी सांगितली आणि कधीपासून मुलीला आणू, असं विचारलं.

"तुमचं झालं?" त्या म्हणाल्या.

"हो."

"मज काही विचारायचं नाही?"

"नाही. सगळे चांगलंच बोलतात तुमच्याबद्दल."

"सगळे म्हणजे कोण?"

मी ऑफिसातल्या बाईचं नाव सांगितलं.

"ती एकटी. एकटी म्हणजे सगळे होतात का?" त्यांनी सईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भेंडी घेताना शेंडा मोडून बघतेस की नाही? आणि पोरगी अशीच देऊन जाणार? जा घरी. प्रश्न घेऊन ये. सुचले नाहीत तर दुसरीकडं ठेव. विश्वास ठेवणारी आई मज नको."

भर उन्हात मी परतले. रिक्षात बसल्यावर राग आला, आणि घरी पोचेपर्यंत प्रश्नही सुचले.

दुसऱ्या दिवशी मी ते सगळे विचारले. पाणी कुठलं, दूध कोण आणतं, घरात आणखी कोण येतं-जातं, मुलांना शी-शू कोण करवतं, तुम्ही आजारी पडलात तर काय. त्यांनी एकेक उत्तर दिलं, परीक्षेला बसल्यासारखं, नेमकं आणि कोरडं. शेवटी म्हणाल्या, "एक राहिला. मागचं दार कोठं अहे, ते विचारलं नाहीस."

त्यांनीच नेऊन दाखवलं. घरामागे बोळ होता. बोळातून लाकडी दार ढकललं की परसात यायचं: केळीची दोन झाडं, धुण्याचा दगड, सिमेंटची पाण्याची टाकी. परसातून घरात जायला लोखंडी जाळीचा दरवाजा. त्या जाळीला नाक लावून उभं राहिलं की मुलांची सगळी खोली दिसायची. बोळातलं दार दिवसभर नुसतं लोटलेलं असायचं. मी लगेच म्हटलं, "म्हणजे कुणीही आत येईल."

"जाळीपर्यंत येईल," त्या म्हणाल्या आणि कमरेवर हात मारला. किल्ल्या वाजल्या. "जाळीची किल्ली इथं. झोपते तेव्हाही इथंच. आता ऐक. पुढच्या दारानं, घंटा वाजवून आलीस तर तुज मुलं दिसतील. मागच्या दारानं, न सांगता आलीस तर मी दिसेन. कधीही ये."

मग त्यांनी सईला माझ्याकडून घेतलं.

अंबुजाबाई त्यांचं नाव. वसाहतीतली तमिळ माणसं त्यांना टीचरम्मा म्हणत. मी अक्का म्हणायचे. ओरत्तनाडूच्या मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं, तमिळमधून. घरातली भाषा मात्र मराठी. त्यांचे पूर्वज मराठी राज्याच्या काळात इकडे आले आणि इथलेच झाले. देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती. 'मला'ला 'मज' म्हणत, 'आहे'ला 'अहे', आणि वाक्याचं शेपूट तमिळ पद्धतीनं वर उचलत, त्यामुळे साधं विधानसुद्धा उलटतपासणीसारखं वाटे. बऱ्याचदा ते तसंच असे.

त्या सगळ्यांवरच संशय घेत. दूधवाल्याचं दूध बोटावर घेऊन बघत. खेळण्याचा रंग नखानं खरवडत. रंग नखाला लागला की खेळणं कचऱ्यात. माझा नवरा एकदा शनिवारी सईला आणायला गेला, तर त्याला त्यांनी ओट्यावर बसवून मला फोन केला. "एक माणूस आलाय. बाप म्हणतो. कसा दिसतो तुझा नवरा?" मी वर्णन सांगितलं. "चष्मा सांगितला नाहीस," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, नवीन केलाय, विसरले. शेवटी मला जावं लागलं. नवरा आठवडाभर धुसफुसत होता.

संध्याकाळी मूल परत देताना त्या एक वाईट गोष्ट सांगत. रोज. चांगलं कधीच सांगत नसत.

"आज अरुणला चावली. दंडावर. वळ अजून अहे."

"आज भात थुंकला. माझ्या अंगावर."

"आज दुपारभर झोपली नाही, कोणास झोपू दिलं नाही. रात्री तुज त्रास देईल. देऊ दे."

एकदा म्हणाल्या, "आज तुझं नाव घेऊन एकदाही रडली नाही. तुज वाईट वाटेल म्हणून सांगते."

वाटलंच. पण घरी जाताना लक्षात आलं की तिथून निघताना रोज पोटात जो दगड बसायचा, तो त्या दिवशी जरा हलका होता.

या दगडाबद्दल सांगायला हवं. सकाळी सई माझी ओढणी मुठीत धरायची, तिची बोटं मी एकेक सोडवायची. साताऱ्याहून सासूबाईंचा फोन यायचा. "पोरगी कुणाच्या दारात टाकलीयस म्हणे? कालच्याला फोनवर काय बोलली ते कळलंच नाही बाई आम्हाला. आपल्याच नातीला विचारायचं, काय म्हणतेस म्हणून!" मी फोन ठेवून कामाला जात असे. पापनाशमच्या एखाद्या गोदामात पोत्यांच्या थप्पीसमोर उभी असताना एकाएकी वाटे की आत्ता, या क्षणी, तिकडे काहीतरी झालंय.

एकदा दारातच माझं तोंड बघून अक्कांनी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. वाईट वाटतं."

"वाईट वाटून घ्यायला तुज वेळ अहे?"

"वेळ कुठला?"

"मग जेवढा अहे तेवढा मागच्या दारात घालव. आईस वाईट वाटलं म्हणून पोराच्या पोटात घास जातो का? संशय घे. तो तरी पोराच्या उपयोगी पडतो." आणि सईचा हात धरून आत गेल्या.

सल्ला मला पटला. माझा धंदाच तो होता. मालक दाखवतो ती वरची पोती आम्ही बघत नाही. थप्पीच्या मधल्या, खालच्या पोत्यात टोकदार नळी खुपसून दाणे काढतो, तळहातावर घेतो, वास घेतो. आणि जो मालक दारातच "माल एक नंबर आहे मॅडम" म्हणतो, त्याची थप्पी आधी उघडतो. त्यामुळे कामावर जाता-येता मी बोळात शिरू लागले. जाळीतून बघायचे. मुलं दहीभात खात असायची, नाहीतर छताच्या कडीला साडी बांधून केलेल्या झोळीत कोणीतरी झोपलेलं असायचं आणि अक्का पायानं झोका देत दुसऱ्याचं नाक पुसत असायच्या. माझी चाहूल त्यांना लागायची. त्या वळून बघायच्या नाहीत. 'ये' म्हणायच्या नाहीत. मी निघून जायचे.

एका संध्याकाळी सईला आंघोळ घालताना तिच्या बेंबीभोवती काळं काहीतरी फासलेलं दिसलं. चिकट, उग्र वासाचं. अक्कांना फोन केला तर लागला नाही. सेल्वीला केला. सेल्वी म्हणजे अक्कांकडे स्वयंपाक आणि वरकाम करणारी बाई, चार मुलांची आई, माझ्याहून मोठी. मी विचारलं, पोटाला काय लावलंय?

"औषध आहे, अम्मा."

"कसलं औषध?"

"नाव घेत नाहीत."

"म्हणजे?"

"दिवे लागल्यावर त्याचं नाव घेत नाहीत, अम्मा."

पोरीच्या अंगाला काहीतरी लावलंय आणि त्याचं नाव मला सांगत नाहीत. मी ते चमच्यानं खरवडून कागदात बांधलं आणि सईला डॉक्टरकडे नेलं. मूल खेळत होतं. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही, पण असलं काही लावू नका, पोटात तर अजिबात देऊ नका. सकाळी ऑफिसच्या प्रयोगशाळेत पुडी उघडली. तिथला तमिळ मुलगा वास घेऊन हसला. "मॅडम, हे तर नाव न घ्यायचं औषध." मग उजेड होता म्हणून त्यानं नाव सांगितलं: वसंबु. जाळून, एरंडेलात कालवलेलं. मी पुन्हा वास घेतला तेव्हा मलाही कळलं. आपलं वेखंड. माझ्या आईच्या बाळगुटीच्या डब्यात हाच वास होता.

तरी मी पुडी घेऊन अक्कांकडे गेले आणि त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी वास घेतला. चेहरा बदलला.

"सेल्वी!"

सेल्वी आली. "बाळाचं पोट दुखत होतं, टीचरम्मा. अंगाचा गोळा करून रडत होती. माझ्या चारींना लावलंय मी, एकाला काही झालं नाही."

"मज न सांगता?"

"तुम्ही समोरच होता, टीचरम्मा."

अक्कांनी सेल्वीला आत पाठवलं. मला वाटलं, आता मला बोलतील; पुडी बांधून तपासायला नेणारी आई कोणाला आवडेल? त्या म्हणाल्या, "मी समोर होते. मज दिसलं नाही. तुज दिसलं."

मी पुडी पुन्हा बांधायला घेतली.

"बाकीच्या आया दारातनं हात जोडतात आणि जातात. टीचरम्मा, टीचरम्मा. तू पुडी बांधतेस. ऐक, माझं वय होत चाललं. कधीतरी माझ्या हातनं चुकेल. त्या दिवशी तू मज सांग. गोड करून नको. सांग की बंद करा."

"मला कळलं नाही तर?"

"तुज कळेल. तू मज फार बरी वाटत नाहीस, पण तुज कळेल."

हे त्या गंभीरपणे म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्या दिवशी या हो-ची किंमत फारशी वाटली नव्हती.

सई तीन वर्षांची व्हायला आली तेव्हा कापणीचे दिवस होते. भात खरेदी सुरू झाली की आमच्या कामाला अंत नसतो; रोज नवीन गिरणी, नवीन गोदाम, रजेचा विषयच नाही. त्या आठवड्यात सोमवारी संध्याकाळी मी सईला घ्यायला गेले आणि नेहमीसारखी थांबले.

"काय झालं आज?"

"काही नाही. सगळं छान होतं," अक्का म्हणाल्या.

बरं वाटलं. घाईत होते.

मंगळवारी विचारलं. "सगळं छान."

बुधवारी सईच्या गुडघ्यावर ताजं खरचटलेलं होतं, त्यावर हळद. मी गुडघ्याकडे बघत विचारलं, "काय झालं आज?"

"सगळं छान होतं, मा," अक्का म्हणाल्या आणि हसल्या. त्यांना हसताना मी तोवर फारसं पाहिलं नव्हतं. त्या हसण्यानं मला रात्री झोप लागली नाही. माल एक नंबर आहे, मॅडम.

गुरुवारी पापनाशमला जायचं होतं. रेल्वे फाटकाशी आल्यावर कंपनीच्या ड्रायव्हरला म्हटलं, गाडी वसाहतीत घे.

बोळातलं दार लोटलेलं होतं. मी ढकललं. समोर जाळीचा दरवाजा सताड उघडा. टाकीशी बादली पालथी घातलेली, बादलीवर अरुण उभा: ज्याला सई चावली होती तोच, बँकेतल्या बाईचा मुलगा. खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून तो काहीतरी शोधत होता. मी त्याला मागून उचललं. त्यानं आरडाओरडा केला, कारण त्याची वाटी आत पडली होती.

त्याला काखेत धरून मी आत गेले. स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता, सेल्वीची पाठ दिसत होती. खोलीत सगळी मुलं भिंतीला टेकून मांडी घालून बसली होती, अगदी गप्प. अक्का भिंतीवर खडूनं गणित सोडवत होत्या. नववी-दहावीचं समीकरण, पायरीपायरीनं, सुंदर अक्षरात. पायऱ्या खिडकीपर्यंत गेल्या होत्या. सई आपल्या खरचटलेल्या गुडघ्यावर हात ठेवून त्या भिंतीकडे बघत होती.

माझी चाहूल लागून त्या वळल्या आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "उशीर का? बस चुकली?"

मी म्हटलं, "अक्का."

त्यांनी माझ्याकडे, काखेतल्या अरुणकडे, त्याच्या ओल्या बाहीकडे पाहिलं. हातातला खडू खाली ठेवला. मग मराठीत, "तू? एवढ्या लौकर?"

मी ड्रायव्हरला पापनाशमला फोन करायला सांगितलं आणि थांबले. मुलांचं जेवण झालं, ती झोपली. तेवढ्या वेळात मी विचार केला. मी गप्प बसून सेल्वीच्या कमरेला किल्ली बांधली असती तर कापणीचे दिवस निभले असते. दुसरी पाळणाघरं मी अगदी सुरुवातीलाच बघून ठेवली होती; एकही मनातून पसंत नव्हतं. हे बंद झालं की माझी नोकरी अडणार, हे सरळ दिसत होतं. पण पाण्यात हात घातलेलं ते मूल मी उचललं होतं. आणि हो म्हटलेलं होतं.

ओट्यावर बसून मी अक्कांना सांगितलं. गोड केलं नाही.

"डोळ्यांनी बघितलंस की मनात आलं?" त्यांनी विचारलं.

"डोळ्यांनी."

"जाळी सेल्वीनं उघडली असेल."

"किल्ली तुमच्या कमरेला आहे."

त्यांनी जुडगा चाचपला. जाळीची किल्ली बोटांत धरून बघत राहिल्या. मग एकदम माझ्यावर उसळल्या. "आणि तू काय करत होतीस?"

"मी?"

"मी पहिल्या दिवशी 'सगळं छान' म्हटलं. म्हटलं ना?"

"सोमवारी."

"आज कोणता वार?"

"गुरुवार."

"सोमवारी का नाही आलीस? मी कधी 'सगळं छान' म्हणते? दीड वर्षात म्हटलं का? सोमवारीच यायला हवं होतं तुज! झोपली होतीस?"

त्या तरातरा आत गेल्या, आणि ती किल्ली आणून सेल्वीच्या हातात दिली.

शनिवारी संध्याकाळी सगळ्या आया आल्या तेव्हा अक्कांनी दारातच सांगितलं की महिनाअखेर पाळणाघर बंद. एकच गलका झाला. असं कसं, टीचरम्मा? आम्ही काय करायचं? कोणी सांगितलं तुम्हाला बंद करायला?

अक्कांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "हिनं."

अरुणच्या आईसकट सगळ्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. अरुणच्या आईला टाकीचं सांगितलं होतं. तिनं विश्वास ठेवला नाही. म्हणाली, टीचरम्मांच्या घरात असं होणारच नाही. पुढे कित्येक महिने ती मला भाजीबाजारात बघून रस्ता ओलांडायची.

आमचं नवरा-बायकोचं भांडणही झालं. "तू सईला नुसतं काढून घ्यायचं. जगाचा ठेका घेतलायस का?" नवरा म्हणाला. मी म्हटलं, नाही, एकाच बाईचा घेतलाय. त्यानं आठवडाभर रजा काढली, पुढचा आठवडा मी बिनपगारी घेतला. तोवर बस स्टँडजवळच्या एका नव्या पाळणाघराचं नाव कळलं. मी ते बघायला निघाले त्या सकाळी आमच्या फाटकाशी रिक्षा थांबली. आत अक्का, इस्त्रीच्या साडीत.

"बस. मी येते."

पाळणाघर चकचकीत होतं. थंडगार हवा, भिंतीवर प्राण्यांची चित्रं, मऊ फरशी. तिथल्या बाईंनी फोन काढून दाखवला. खोल्याखोल्यांत कॅमेरे होते. आईला कामावर बसून मूल दिसेल. "तुम्ही अगदी निर्धास्त राहा, मॅडम. मुलं इथे खूप खुश असतात."

अक्का माझ्या कानाशी मराठीत म्हणाल्या, "छान म्हणते ही." मग तमिळमध्ये बाईंना विचारलं, "कॅमेरा कोठं कोठं नाही, ते दाखवा."

बाई गोंधळल्या. पण दाखवलं: न्हाणीघर, स्वयंपाकघर, मागचा जिना. अक्कांनी जिन्याच्या फाटकाची कडी स्वतः लावून बघितली, न्हाणीघरातल्या बादलीत हात घालून पाण्याची खोली बघितली, स्वयंपाक करणाऱ्या बाईला तिच्या मुलांची नावं विचारली. मागं दार होतं, बंद. ते दिवसा उघडं राहील का, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, नियमात बसत नाही. तासभर वाद झाला. शेवटी ठरलं की आया केव्हाही, न सांगता, पुढच्याच दारानं पण थेट आत येतील.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "ठेवू?"

"पूर्ण बरं नाही. पण ठेव. मी अहे ना." रिक्षात चढता चढता म्हणाल्या, "तू आता कामास जा. संशय मी घेते."

आणि खरंच घेतला. वर्षभर, आठवड्यातून दोन-तीनदा, वेळ न ठरवता, सेल्वीला बरोबर घेऊन त्या तिथे जाऊन बसत. तिथल्या बाई माझ्याकडे तक्रार करत. मी ऐकून घेत असे. संध्याकाळी अक्कांचा फोन येई. "आज सांडलं." "आज कोणी ढकललं, आपटली, रडली." कधी एकच पडणं दोन दिवस सांगत. सेल्वी मागून दुरुस्ती करायची. पण 'सगळं छान' असं त्या पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत. सेल्वीनं सांगितलं की काही आठवलं नाही तर त्या फोनच करत नसत.

सई शाळेत गेली आणि हे येणं-जाणं सुटलं. अक्कांचा मुलगा कोइमतूरहून येऊन त्यांच्याजवळ राहिला. आम्ही सणासुदीला भेटायचो. दर भेटीत त्या थोड्या कमी असायच्या.

गेल्या वर्षी त्या गेल्या. त्याच्या महिनाभर आधी मी सईला घेऊन शेवटची भेटायला गेले होते. सई माझ्या खांद्याशी आली आहे आता. अक्का त्याच खोलीत पलंगावर होत्या; मुलांच्या झोळीची कडी अजून छताला होती. सई जवळ बसली तशी त्यांनी तिचं मनगट पकडलं आणि सोडलं नाही. मुलानं कॉफी दिली, मी दहा गोष्टी बोलले, त्या एकालाही उत्तर देईनात. निघायची वेळ झाली. मी सईला म्हटलं, चल.

अक्कांनी मनगट आणखी घट्ट धरलं. "तू कोण?"

"मी सईची आई, अक्का."

"ओळख काय?"

"ही माझी मुलगी. विचारा तिला."

"तिला काय विचारू? लहान अहे ती." डोळे बारीक करून त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "हिची आई संध्याकाळी येते. तिच्याच हातात देईन. तू जा."

मुलगा ओशाळून पुढे झाला, "अम्मा, सोड." त्यांनी त्याचाही हात झटकला. सई म्हणाली, "आई, दुखत नाहीये. थांब तू."

मी पुढच्या दारानं बाहेर पडले. घराला वळसा घालून बोळात गेले. लाकडी दार मधल्या काळात पत्र्याचं झालं होतं, पण नुसतंच लोटलेलं होतं. केळी होत्या, टाकी होती, वर आता जाळी बसवलेली. सेल्वीनं मला बघितलं, कमरेची किल्ली काढली आणि काही न विचारता जाळी उघडली. मी मागून खोलीत शिरले.

अक्का वळल्या नाहीत. चाहूल लागल्यावर, तो एक गुरुवार सोडला तर, त्या कधीच वळत नसत.

"आलीस?" त्या म्हणाल्या.

"आले."

हळूहळू त्यांची बोटं सुटली. सईच्या मनगटावर वळ उठले होते. तिनं ते चोळले नाहीत.

"आज पडली," अक्का म्हणाल्या.

सईनं माझ्याकडे पाहिलं. तिला हसू येत होतं, आणि हसू नये हे कळत होतं. मी पलंगाजवळ गेले आणि उभी राहिले. काही न विचारणाऱ्या आईला त्या घरातून मूल मिळत नसे.

"कुठं लागलं?" मी विचारलं.